तीनशे खुर्च्या

सभासमारंभांना खुर्च्या पुरवणाऱ्या बाईला सगळे खुर्चीताई म्हणत. तिच्या धंद्याची खुबी अशी, की सभागृह तीनशेचं असलं तरी ती मांडायची दीडशेच. रांगांत ऐसपैस जागा सोडायची, उरलेल्या खुर्च्या घड्या घालून पडद्यामागे. उशिरा आलेले दाराशी उभे राहत. कुणी खुर्ची मागितलीच, तर "आणते हं" म्हणून जी जायची ती भाषण संपल्यावरच उगवायची. व्यासपीठावरच्या उमेदवाराला बसलेले दिसतच नसत, त्याचे डोळे उभ्या माणसांवर. गडी खूश. पुढच्या सभेलाही खुर्च्या हिच्याच.

यंदा तिचा धाकटा भाऊच नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, तोही एका बिल्डरविरुद्ध. शाळेच्या कचेरीत कारकून, बारा वर्षांची नोकरी. मुख्याध्यापिकेने बजावलं होतं, सोमवारी तीनच्या आत अर्ज मागे घ्या, नाहीतर राजीनामा आणून द्या. भावजयीने आठवडाभर अबोला धरलेला. हा मात्र सांगत सुटलेला, की रविवारची सभा कशी होते बघू आणि ठरवू.

खुर्चीताई म्हणाली, बघूच दे त्याला. रविवारी तिने तीनशेच्या तीनशे मांडल्या, खेटून.

"अगं, सख्ख्या भावाची शोभा करतेस?" नवरा म्हणाला.

आज झालेली परवडली, असं ती म्हणाली आणि शेवटची रांग सरळ केली.

सत्तर माणसं आली, त्यांतली वीस घरचीच. भाऊ दोनदा अडखळला, तीनदा पाणी प्याला. तिला वाटलं, काम झालं.

आवराआवरीच्या वेळी तो जवळ आला.

"ताई, खुर्च्या फार झाल्या गं. परवा त्या बिल्डरच्या सभेत माणसं दारात उभी होती."

"तिथे निम्म्याच मांडल्या होत्या. माणसं दोनशेसुद्धा नव्हती. तुला खरं दिसावं म्हणून आज सगळ्या मांडल्या. सत्तर आहेत रे, बघ तरी डोळे उघडून."

तो हातात खुर्ची धरून तसाच थांबला. मग हळूहळू चेहरा खुलला.

"म्हणजे त्याचीही नुसती हवाच आहे तर."

दोनशे म्हणजे सत्तरच्या जवळजवळ तिप्पट, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. तोवर तो फोनवर बायकोला सांगत होता, की आतली बातमी आहे, खुद्द ताईनेच दिली. सोमवारी तीनच्या आत त्याने शाळेत राजीनामा नेऊन दिला.

मतदानाला ती सकाळीच गेली. भावाच्या नावापाशी बोट नेलं, पण हा काही येत नाही, मग मत कशाला वाया घालवा, असं मनात आलं आणि बोट खाली बिल्डरच्या नावावर सरकलं. बाहेर पडेपर्यंत कारणही तयार झालं. सपाटून पडला की शुद्धीवर येईल, मुख्याध्यापिकेचे पाय धरेल. त्याच्या भल्यासाठीच केलं.

कोपऱ्यावर भाऊ मतदारयादी घेऊन उभा होता. त्याने तिला काही विचारलं नाही. तिच्या नावापुढे खूण केली आणि शेजारच्याला म्हणाला, "हे एक पक्कं."