दक्षिणेचे प्रस्थान

वय झाले की प्रवासाचा शीण निघण्याआधीच अंगात उतरतो. बेंगळुरूला राहणाऱ्या अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, हृदयावर शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. "आत नेण्याआधी तुझ्या तोंडून सहस्रनाम ऐकू दे," एवढेच तिचे मागणे. भाच्याने आदल्या दिवसाचे तिकीट काढले आणि फोनवर म्हणाला, "मामा, नांदेडहून हवेतलं अंतर साडेसहाशे किलोमीटर. दीड तासात इथं. रेणापूरहून नांदेड गाठायलाच तुम्हाला त्याच्या दुप्पट वेळ लागतोय बघा!" तो हसला. मला हसू आले नाही. आपल्याच्याने तेथवर पोहोचणे होईल, असे मनाला वाटतच नव्हते.

त्यात गुरुवारी दक्षिणेस दिशाशूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास अशुभ. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. सामानातले काही गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला असलेल्या घरी आदल्या दिवशी नेऊन ठेवायचे आणि निघताना उचलायचे. आमच्या दक्षिणेला एका निवृत्त शिक्षिकेचे घर आहे. बाई बौद्ध, मुहूर्त मानीत नाहीत. "ठेवा गुरुजी. माझ्या घरात दिशाशूल शिरत न्हाई," म्हणत त्यांनी गाठोडे कपाटावर जपून ठेवले.

गुरुवारी मोटार दारातून निघाली ती थेट उत्तरेला. दक्षिणेस जाण्यासाठी आधी नांदेडकडे उत्तरेला वळावे लागते, हे मी बांधलेल्या शास्त्रात कोठेच नव्हते. मोबाइल बंद करून, डोळे मिटून मी जप करीत राहिलो. विमानतळाच्या दाराशी जवानाने ओळखपत्र मागितले, तेव्हा आठवले. गाठोडे उचलायचे मी विसरलो होतो आणि आधार कार्ड त्यातच, धोतराच्या घडीत राहिले होते.

परत जाऊन येण्याइतका वेळ नव्हता. बाहेरच्या बाकावर बसलो. रागावण्याचेही त्राण उरले नव्हते. आयुष्यभर उच्चारलेली नामे मनात येईनात. "नारायणा, मला नाही जमत. तूच तिच्यापाशी जा," एवढेच म्हणालो आणि भाच्याला कळवावे म्हणून मोबाइल सुरू केला. लगेच तो वाजला.

"गुरुजी, मोबाइल कशाला बंद ठेवता हो?" बाईंचा आवाज होता. "कपाटावर गाठोडं तसंच! उचललं तर हाताला कार्ड लागलं. पुतण्याची जीप काढली, लोहा मागं पडलं आता. दक्षिणेचं सामान उत्तरेला आणतेय मी!"

"बाई, उपकार झाले, पण विमान निघून जाईल."

ते ऐकून जवान म्हणाला, "बसा निवांत, बाबा. बेंगळुरूहून यायचंच विमान अजून उडालं न्हाई."

ज्या विलंबाने इतर प्रवासी कावले होते, त्याच विलंबात मला बोलावणे आले होते. जीपमधून उतरताच बाईंनी गाठोडे हाती दिले. मी हात जोडले, तर म्हणाल्या, "ते असू द्या, आधी चहा घ्या. तोंड सुकलंय तुमचं."

शुक्रवारी सकाळी अक्काच्या खाटेपाशी बसून सहस्रनामाला आरंभ केला, पण दुसऱ्याच श्लोकावर अडलो. तिने डोळे उघडले. "दमलास रे. राहू दे. नुसता बस."

मी बसलो. तिने माझे बोट धरून ठेवले होते. तिला आत नेईपर्यंत ते तिने सोडले नाही. अक्का आता घरी आहे, काठीच्या आधाराने फिरते. पोहोचलो तो माझ्या आखणीने नव्हे, हे मी जाणतो आणि त्याबद्दल भगवंतापुढे नित्य मस्तक टेकतो. हल्ली पाठ संपला की आसनावरून लगेच उठत नाही. काही न मागता, काही न म्हणता, थोडा वेळ त्याच्यापाशी नुसता बसतो.