रामराव गुरुजींची हजेरी

आमच्या शहागडच्या शाळेत रामराव गुरुजींनी अठ्ठावीस वर्षं एकच विषय मन लावून शिकवला : हजेरी. गणित-भूगोल पोरांनी आपापलं बघावं. हजेरीपटाला मात्र दरसाल नवं खाकी कव्हर, आणि हजेरी घेताना त्यातून मान म्हणून वर काढायची नाही. नाव पुकारायचं, ‘हजर’ ऐकू आलं की ‘ह’, न आलं की शून्य. वर्गात माणसं असतात ही बातमी त्यांना कानांवरूनच कळायची.

तिसरीत बेबीनंदा होती, हायवेवर चहाची टपरी चालवणाऱ्या तुळजाबाईची लेक. वर्गात तिचाच ‘हजर’ सगळ्यांत खणखणीत. १९८८च्या दिवाळीनंतर तिला ताप भरला, मान लाकडासारखी ताठली, झटके आले. मेंदूच्या आवरणाला जंतूंची सूज आल्ती. मोठ्या दवाखान्यात वीस दिवस काढून पोरगी वाचली. पण दोन्ही कान गेले, चालताना तोल जायला लागला. मागून ट्रकनं हॉर्न दिला तरी वळायची न्हाई. तरी संक्रांतीनंतर आईनं तिला हाताला धरून आणली, पहिल्या रांगेत बसवली.

गुरुजी दोन हातांच्या अंतरावरून तिचं नाव पुकारत आणि शून्य घालत. पोरगी त्यांच्याकडं बघून हसायची. मार्चात टपरीवर चिठ्ठी आली : सतत गैरहजर, नाव कमी करत आहोत.

तुळजाबाई स्टोव्ह विझवून, डॉक्टरांचा कागद घेऊन शाळेत आली.

“गुरुजी, ही म्होरं बसून राह्यली, ती कोण हाय मंग?”

गुरुजींनी कागद दोनदा वाचला. “बाई, कागद बराबर आहे. पण आवाज आल्याशिवाय ‘ह’ मांडता येत नाही.”

“तिला तुमचा पुकारा ऐकू येत न्हाई. तुम्हाला तर दिसतं ना?”

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई लेकीच्या मागं येऊन बसली. नाव आलं तसं तिनं पाठीवर बोट टेकवलं; पोरीनं हात वर केला. हात काही ऐकू येत नाही, त्यामुळं गुरुजींना मान उचलावी लागली. नाइलाजानं ‘ह’ पडला.

मान वरच असताना त्यांनी पुढचं नाव घेतलं : वसंता.

“हजर,” मागच्या रांगेतला मच्छिंद्र आवाज बारीक करून म्हणाला.

वसंताची जागा रिकामी होती. तो दिवाळीपासून मामाची शेरडं राखत होता, आणि पटावर त्याचा एकही खाडा नव्हता.

गुरुजींनी पट मिटला. उठले, आणि बोट रोखून पोरं एकेक करून मोजायला लागले. बेबीनंदानं पुन्हा हात वर केला. मोजून झालं तरी खाली घेईना.