वालाच्या शेतातलं भात
बाजारात ओल्या वालाच्या शेंगांचा वास आला की जूचंद्र गावातलं मामाचं शेत आठवतं. तिथे भात कापल्यावर दरवर्षी वाल पेरायचे. एका पावसाळ्यात मामाने मोठ्या हौसेने त्याही शेतात इतर शेतांएवढाच युरिया टाकला. भात काळपट हिरवं माजलं आणि दाणा भरता भरता आडवं झालं. मामा बांधावर मान खाली घालून बसला. मामी चिखलात उतरली आणि पडलेली रोपं उभी करून चार-चार एकत्र बांधत म्हणाली, "वालानं जमिनीचं पोट भरलेलं व्हतं, पन तुमी मायेनं परत वाढलंत." मामा उठला, तिच्या शेजारी वाकला. आता जेवताना माझी लेक पानावर हात धरते, तेव्हा मी भाताचा डाव मागे घेते.