लिटरला तीन ग्रॅम

आमचे हे, भिवा आचारी. वडीगोद्रीपासून आष्टीपर्यंत कुठंबी लग्न असू द्या, जयंतीचं जेवण असू द्या, आमटीत मीठ ह्यांच्याच हातानं पडणार. मोजायचं न्हाई, चाखायचं न्हाई. पिशवी फोडली, मूठ भरली, कढईवर फिरवली, झालं! हजार माणूस जेवून उठतं, एकजण मीठ मागत न्हाई. मंग काय, तोरा बघा! चुलीजवळ कुणी पळी तोंडाला लावली की हे अंगावर धावून जातात. बायको असून मलाबी सोडलं न्हाई.

परवा पायलच्या माशांना रोग झाला. पायल म्हंजी आमची नात. तिनं हट्ट करून जालन्याहून काचेची पेटी अन् दोन तांबडे मासे आणवले होते. त्यांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके उठले. पोरगी रडून रडून बेजार. दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणला, "पाण्यात मीठ टाका. लिटरला तीन ग्रॅम. बराबर वजन करून, थोडं थोडं. अंदाजानं टाकू नका, जास्ती झालं तर मरतील."

झालं, ह्यांचं डोकं फिरलं! "मला मीठ मोजायला सांगतो? पायल, ह्याच हातानं तुझे मासे वाचवतो, बघच तू!"

"अवो, ही काय पंगत हाय? मच्छिंद्राच्या दुकानात काटा हाय, तोलून आणा," मी म्हणलं. ऐकतील तर शपथ!

एक मूठ टाकली, हलवलं. दुसरी टाकली. पण हाताला सवय कढईची, ह्या पेटीची कुठली? हात अडला. मंग जन्मात केलं न्हाई ते ह्यांनी केलं. बोट बुडवून जिभेला लावलं.

"अळणीच हाय." तिसरी मूठ. परत बोट. "बिलकुल अळणी!" चौथी, पाचवी, सहावी. मासे वर येऊन धापा टाकायला लागले, एक तर आडवाच झाला. पायल किंचाळली, "आबा, मरून राह्यलेत ते!"

मी धावले, पाण्यात बोट घालून चाखलं. अगं बाई! थू! "अवो, आमटीयेवढं खारट केलंय! मासे वाचवायचेत का शिजवायचेत?"

"खारट? कुठं खारट?" ह्यांनी परत चाखलं, अन् माझ्याकडं बघितलं. तो चेहरा खोटं बोलत नव्हता.

पण बोलायला वेळ कुणाला? मासे चाळणीनं उचलून साध्या पाण्याच्या बादलीत टाकले, पेटी उपसली. पायलनं हिशोब केला. पेटीत दोन जार पाणी बसतं, म्हंजी चाळीस लिटर, म्हंजी एकशेवीस ग्रॅम. पदर खोचून मी मच्छिंद्राच्या दुकानात पळाले. काट्यावर चिमूट टाकायची, चिमूट काढायची. मच्छिंद्र हसायला लागला, "केशरबाई, सोनं तोलता काय?"

"सोन्याच्या वर हाय, गप बस!"

मासे नव्या पाण्यात सोडले, मीठ थोडं थोडं करून विरघळवलं. पायल अन् मी काचेला नाक लावून. आडवा झालेला मासा हळूच सरळ झाला अन् शेपटी मारून सरकन फिरला! पायलनं उडी मारली, मीबी मारली, वयाचं भान कुणाला! जीव भांड्यात पडला.

हे मात्र ओट्यावर जाऊन बसले होते. जवळ जाऊन विचारलं, "कधीपासून?"

"मागं तो मोठा ताप आला होता ना, तवापासून. चवच कळत न्हाई, केशर. नुस्त्या हाताच्या भरवशावर निभावून राह्यलो. ज्याला चव न्हाई त्या आचाऱ्याला कोण बोलवंल?"

मला इतका राग आला! माझ्या हातचं रोज "झकास" म्हणून खात होते, खोटारडे! अन् भांडायला तोंड उघडलं तर रडूच फुटलं.

"आष्टीच्या लग्नाचं काम धरलंय, ते सोडतो," हे म्हणले.

"सोडता कशाला? मी येते!"

आष्टीला कढई खदखदत होती. हाताखाली संपत अन् बाकीचे लोक उभे. ह्यांनी मूठ टाकली, अन् सगळ्यांसमोर पळी भरून माझ्यापुढं धरली. "चाख."

सगळे बघतच राह्यले. मी फुंकर मारून घोट घेतला. मीठ कमी होतं. खरं सांगावं का ह्यांची इज्जत राखावी? 

"कमी हाय," मी मोठ्यानं म्हणलं.

ह्यांनी मिठाचं पातेलं उचललं अन् माझ्या हातात दिलं. "मंग घाल."