पान्याची प्रतिकारशक्ती

पाना लिफ्ट दुरुस्त करतो. खिशात कायम एक पाना असतो, म्हणून नावही तेच पडलं. शाळेपासून आम्ही एकत्र. पुढे मी साहित्य शिकलो, तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. मला तो 'साहित्यिक' म्हणतो. कौतुकानं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. ताईनं स्वतःचं एक दिलं. ताई त्याची थोरली बहीण. शाळेत खेळ शिकवते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "नीट वापर. खराब केलंस तर परत मागेन."

मग गोळ्या सुरू झाल्या. आयुष्यभराच्या. त्या कशाला, ते पान्यानं मला त्याच्या भाषेत सांगितलं.

"लिफ्टचं दार मिटताना मधे हात आला की दार उघडतं ना? तो सेन्सर. माझा सेन्सर ताईच्या मूत्रपिंडालाच अडथळा समजणार. म्हणून तो मंद ठेवायचा. बंद नाही, मंद."

"आणि डॉक्टर म्हणतात ते लिम्फोसाइट?"

"तेच सेन्सरवाले. पांढऱ्या पेशी. इथं, इथं आणि इथं त्यांचे अड्डे." त्यानं गळा, काख, जांघ दाखवली. "तुमच्या पुस्तकी मराठीत लसीकाग्रंथी. नाव गोड आहे. वागणं नाही."

गोळ्यांनी त्याच्या शरीराला सुखानं राहू दिलं नाही. सर्दी हटेना. तोंडात फोड. आणि हात थरथरायचे. स्क्रूवर पेचकस टेकवला की तो निसटायचा. मोठी कामं दुसऱ्यांकडे गेली. पाना खाली उभा राहून बटणं दाबायचा आणि वर बघून शिव्या द्यायचा.

बाबा हे सगळं बघत होते. बाबा म्हणजे त्याचे वडील. कारखान्याच्या भांडारात उभं आयुष्य काढलेला माणूस. घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी. आई लवकर गेली, दोन्ही मुलं त्यांनीच वाढवली. पान्याच्या बोटांना गोळ्यांचं पाकीट उघडेना, तेव्हा ते काम बाबांनी घेतलं. दर रविवारी ते आठवड्याची डबी भरायचे. पाना मूठभर गोळ्या तोंडात टाकायचा आणि एका घोटात गिळायचा. बघायचाही नाही.

बाहेर सगळीकडे एकच शब्द. साबणावर, टूथपेस्टवर, रसाच्या बाटलीवर. कोपऱ्यावरच्या दुकानात तर गादीवरही. प्रतिकारशक्ती वाढवा! पान्याचं डोकं फिरायचं. एकदा जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या.

"अरे, किती खंगलास! इम्युनिटी वाढव जरा."

"काकू, ती वाढली तर मी जाईन."

"असं अभद्र बोलू नये रे."

"मग असलं सुचवू नये."

नंतर एकाएकी त्याचे हात थांबले. मी घरी गेलो तर त्यानं काठोकाठ भरलेला चहाचा कप माझ्यासमोर धरला. "बघ, साहित्यिक. एक थेंब हलत नाही. सोमवारपासून परत वरच्या कामावर." ओट्याजवळून बाबा मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी किती दिवसांनी ऐकत होतो. "पोरगा ठणठणीत झालाय," ते म्हणाले. आम्ही तिघांनी तो चहा मजेत प्यायला.

मग पाय सुजले. बूट चढेनात. लघवी कमी झाली. रक्त तपासलं, बायोप्सी झाली. डॉक्टरबाई पान्यासमोर बसल्या.

"मूत्रपिंडात लिम्फोसाइट शिरलेत. शरीर ते नाकारतंय. आणि रक्तात औषध जवळजवळ नाहीच. गोळ्या कधी बंद केल्यात?"

"एकही चुकवलेली नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मी रागावलोय! तुमचं मशीन तपासा आधी!"

बाहेर बाकावर मी आणि बाबा बसलो होतो, तिथपर्यंत आवाज आला. ताई नुकतीच मैदानावरून थेट आली होती. पाना दार ढकलून बाहेर पडला तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"खोटं बोलू नकोस."

"तुझी शपथ, ताई."

"माझी शपथ नको घेऊस. माझ्या कुशीत अजून टाके ओढतात. गोळ्यांचा कंटाळा आला होता, तर तसं सांगायचं."

पान्याचं तोंड उघडं राहिलं. सगळ्या जगात ती एकटी तरी त्याच्यावर विश्वास ठेवेल असं त्याला वाटलं होतं.

बाबा बाकावरून उठले.

"तो खरं बोलतोय. प्रतिकारशक्ती दाबायची ती कॅप्सूल मी डबीतून काढत होतो."

बाबा बोलतच राहिले.

"औषधाबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. प्रतिकारशक्ती दडपते. जंतुसंसर्ग, कंप, कर्करोगाचा धोका. पोरगं डोळ्यांदेखत झिजत होतं. त्या जागी मी ताकदीची कॅप्सूल ठेवली. दिसायला तशीच. आणि थांबले ना हात? थांबले की नाही?"

"बाबा," पाना म्हणाला. "करकर आवाज येतो म्हणून तुम्ही ब्रेक काढलात."

"मला विचारायचं होतं," ताई म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीत! मूत्रपिंड माझं, शरीर त्याचं, आणि ठरवणार तुम्ही?"

नर्सनं आम्हाला हळू बोला म्हणून सांगितलं. ताईनं तिच्याकडे असं पाहिलं की ती निघून गेली.

जबर ताकदीची इंजेक्शनं झाली. सूज उतरली. मूत्रपिंडाचा काही भाग मात्र गेला, तो परत येणार नव्हता. उरलेलं टिकवू, डॉक्टरबाई म्हणाल्या. औषधं कोण बघणार, असं त्यांनी विचारलं.

"मी," पाना म्हणाला.

"आणि मी काय करू?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

"नाही," ताई म्हणाली. "गप्प बसूनच हे केलंय त्यांनी. रोज संध्याकाळी बाबाच पाकीट उघडतील. तुझ्यासमोर. मी फोनवरून बघेन."

"मी त्यांच्या हातून घेणार नाही."

"घेशील. ते मूत्रपिंड माझं आहे."

घरी आल्याच्या पहिल्या संध्याकाळी मी तिथेच होतो. फोन बरणीला टेकवून ठेवला होता. त्यात ताईचा चेहरा. बाबांनी कॅप्सूल काढून पुढे केली. पान्यानं ती दिव्याखाली धरली, तिच्यावरची अक्षरं पाकिटाशी ताडून पाहिली. सावकाश. बाबा झडती चालल्यासारखे उभे होते. मग त्यानं ती गिळली.

"आता बाबा, तुम्ही," ताई फोनमधून म्हणाली. "ती कशासाठी होती?"

"प्रतिकारशक्ती..." बाबा थांबले.

"पुढे."

"कमी करण्यासाठी."

"कशाला?"

"तुझं मूत्रपिंड त्याच्यात राहावं म्हणून."

ताईनं फोन ठेवला. पाना आत गेला, दार आपटलं. बाबा पाकीट हातात घेऊन माझ्याकडे वळले.

"पण हात पुन्हा थरथरणार रे त्याचे," ते म्हणाले.

मला संताप आला. मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो.