नॉमिनीच्या रकान्यातलं टिंब

शाहूपुरीतल्या आमच्या विमा कंपनीच्या ऑफिसात मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळं पॉलिसी काढायचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं, तेव्हा मुख्यालयानं शाखांच्या वतीनं मला बोलावून घेतलं. कौतुकानं नव्हे. ही बाई नंतर कटकट करणारच, त्यापेक्षा आधीच तिला खोलीत बसवा, असा विचार असावा.

तीन कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर दाखवायला आल्या. गाडीची पॉलिसी, दुकानाच्या आगीची पॉलिसी, सगळं चुटकीसरशी होताना पडद्यावर दिसत होतं. साहेबलोक माना डोलावत होते. मी एकच प्रश्न विचारला, "नॉमिनीच्या रकान्यात टिंब टाकलं तर तुमचं सॉफ्टवेअर काय करतं?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. तो कळायला आमच्या काउंटरवर उभं राहायला हवं. गाडीच्या पॉलिसीत मालकाचा अपघाती विमा असतो. तो गेला तर पैसे कुणाला द्यायचे, ते नाव म्हणजे नॉमिनी. पण मार्चअखेरीला एजंटांची झुंबड उडाली की नाव विचारत कोण बसतंय! "म्याडम, टिंब हाणा की तितं, पावणं खोळंबल्यात," असं कुणीतरी ओरडायचं आणि आमच्यातलं कुणीतरी टिंब हाणायचं. जुनं सॉफ्टवेअर ते मुकाट्यानं गिळायचं. मग पन्हाळ्याकडचा एक रिक्षावाला अपघातात गेला. त्याच्या पॉलिसीवर बायकोच्या नावाच्या जागी टिंब होतं. वारस दाखल्यासाठी त्या बाईनं इतके हेलपाटे घातले की आमचा शिपाई तिला दारात बघूनच पाण्याचा ग्लास भरायचा. मला तिच्याकडं बघवत नसे.

दोन कंपन्यांनी टिंबाचा विषय हसण्यावारी नेला. तिसऱ्या कंपनीची मुलगी म्हणाली, "तुम्ही नियम द्या मॅडम, आम्ही अडवतो." पुढं त्यांचंच सॉफ्टवेअर घेतलं. घेण्याची कारणं वेगळी असतील, श्रेय मात्र मी लाटलं.

नियम मीच लिहून दिले. टिंब चालणार नाही. नॉमिनी हयात आहे का, हे दरवर्षी विचारायचं. नातं यादीतूनच निवडायचं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, अशी ती यादी. शेवटी 'इतर' असं होतं, ते मी भांडून काढायला लावलं. ते ठेवलं असतं तर आमच्या लोकांनी अख्ख्या जिल्ह्याला 'इतर' करून टाकलं असतं. ती मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ज्याला यादीतलं कुणीच नसेल त्याचं काय?" मी म्हटलं, "आमच्या कोल्हापुरात असं कुणी नसतं."

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि चाललंही छान. एजंट घरबसल्या फोनवरून पॉलिसी काढायला लागले. काउंटर ओस पडला. आई गेल्यापासून घरी बोलायला कुणी नाही; माझं दिवसभराचं बोलणं, भांडणं, सगळं त्या काउंटरवरच व्हायचं. आता दुपारी पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येते. फार एकटं वाटतं, सरळच सांगते.

अशात माझ्या स्कूटरची पॉलिसी संपत आली. तिच्यावर नॉमिनी आई. जुनं सॉफ्टवेअर न विचारता तेच नाव पुढं ओढायचं आणि छापील कागदावर आईचं नाव बघून मला बरं वाटायचं. नव्या सॉफ्टवेअरनं विचारलं, नॉमिनी हयात आहे का? मी 'नाही' दाबलं. आईचं नाव गेलं, रकाना रिकामा झाला. वडील मी लहान असतानाच गेले. लग्न केलं नाही. भावंड नाही. एकेक नातं वाचत यादीच्या तळाशी आले. तिथं 'बहीण' होतं आणि त्याखाली काही नव्हतं.

तेवढ्यात आमचा कागलकडचा जुना एजंट आला. फोनवरून सगळं होत असूनही तो अधूनमधून चहाला येतो. मला कायम अक्का म्हणतो. त्यानं स्क्रीनकडं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं.

"आवं, त्यात काय इचार करताय अक्का? माझं नाव घाला की. भाऊ म्हणून लिवा."

"सख्खा भाऊ लागतो."

"कोण बघतंय?"

"मी बघते!" मी खेकसले. "उद्या असा क्लेम माझ्यापुढं आला तर मीच नाकारीन."

"व्हय, ते बी खरंच हाय," तो हळूच म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. चहा यायच्या आधीच तो उठून गेला.

रकाना भरल्याशिवाय नवी पॉलिसी निघेना, जुनी संपली. स्कूटर झाकून ठेवली आणि बसनं ऑफिसला जायला लागले. कुणी विचारलं तर गाडी बिघडली म्हणून सांगते.

मग एक दिवस त्या सॉफ्टवेअर कंपनीला लिहिलं, यादीत 'इतर' परत घाला. बदल मागताना कारण द्यावं लागतं, हा नियमही माझाच. मी लिहिलं, काही ग्राहकांना यादीतलं कुणीच नसतं.

त्याच मुलीचं उत्तर आलं. "मॅडम, असे ग्राहक अंदाजे किती असतील?"

मी लिहिलं, "सध्या एक."