सरपंचाला जोडीदार

माशांचं दुकान चालवणाऱ्याकडे मासे असावेत, किस्से कशाला? पण माझ्या डिंडोलीच्या दुकानात फिल्टर उघडला की गाळ कमी आणि किस्सेच जास्त निघतात! त्यातले निम्मे एकट्या सुकदेव आप्पांचे. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, उधन्याच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यात मास्तर. संध्याकाळी सुटले की ते आणि त्यांचे दोस्त गुलाबराव माझ्या बाकड्यावर ठाण मांडतात. खरेदी बेताची, सल्ले भरपूर!

*

आप्पांनी माझ्याकडून फ्लॉवरहॉर्न नेला. सिक्लिड कुळातला हा मोठा मासा. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि स्वभाव असा की काचेत स्वतःचं तोंड दिसलं तरी भांडायला उठतो. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं सरपंच.

मी बजावलं होतं, "आप्पा, याला एकटाच ठेवा. याला कुणी चालत नाही."

आठवडा झाला नसेल, आप्पा हजर. "भाऊ, तो एकला शे. तुनी वहिनीले पाहवत नही. कोणी तरी सोबत दे."

"मारेल तो!"

"सरपंच शे तो. त्याले गाव नको?"

गाव म्हणून आप्पा पिशवीभर गोल्डफिश घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोच आप्पा समोर उभे. "भाऊ, तुना मासा पयी गयात!"

"पळून गेले? कुठे?"

"तेच तर! सोफा सरकवला, कपाट सरकवलं. एक बी सापडना नही."

"आणि सरपंच?"

"तो बरा शे. पण आज नाश्त्याले तोंड लावत नही."

*

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण आप्पांच्या दिनेशचं लग्न जमेना. मुलगा सरळ, मार्केटात कापडाच्या दुकानात नोकरी, तरी स्थळं यायची आणि जायची. शोभावहिनींनी त्याचा धसकाच घेतला होता.

एकदा मुलीकडचे घर बघायला आले. पोहे झाले, चहा आला. मुलीची आत्या टाकीजवळ जाऊन म्हणाली, "अय्या, किती गोड!" टाकीत तेव्हा सिल्व्हर डॉलर होता. चपटा, गरीब मासा. जोरात पळतो म्हणून मीच दिलेला. सरपंचानं तो आत्याच्या डोळ्यांदेखत अर्धा केला! उरलेला अर्धा आत्याकडे बघत खाली गेला.

दोन दिवसांत निरोप आला की मुलीला अजून शिकायचं आहे.

वहिनींनी आप्पांना सुनावलं, "पुढचं स्थळ मोडलं ना, तर या सरपंचाले तापीत सोडी येसु!"

आप्पा त्या दिवशी बाकड्यावर येऊन बसले. मग म्हणाले, "भाऊ, मी घरी गेलो की काचेजवळ धावत येणारा तोच एक शे." मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मासा विकणाऱ्यालाही कधी कधी वाटतं.

*

मग जोडीदाराचं काम गुलाबरावांनी हातात घेतलं. यांनी समाजात इतकी लग्नं जमवलीत की दुकानात येऊनही त्यांनी तोच रिवाज लावला. माझ्याकडचा ऑस्कर निवडला. थोराड, काळा, नारिंगी ठिपक्यांचा.

"मूळ कुठलं?"

"दक्षिण अमेरिका."

"खाणंपिणं?"

"दिसेल ते."

"स्वभाव?"

"आपण होऊन अंगावर जात नाही, पण ऐकूनही घेत नाही."

"नातं काय सरपंचाशी?"

"दोघे सिक्लिड. एकाच कुळातले म्हणा."

आप्पा खूश! "मग जमलं! घरचाच माणूस!"

गुलाबरावांनी कपाळावर हात मारला. "अरे येडा, एकाच कुळातले म्हणजे भाऊबंद! तुझा भाऊ गावाकडे बांधावरून काय करतो, विसरलास?"

*

तरी ऑस्कर आप्पांकडे गेला, कारण आकारानं सरपंचाच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. मी सांगितलं, "आधी टाकीतले दगड हलवा. जुन्याची हद्द मोडली की तो नव्याला कमी छळतो."

हद्द हा शब्द ऐकला आणि दोघांच्या अंगात तलाठी संचारला! सुतळी लावून टाकीची मोजणी केली. मधोमध विटांचा बांध घातला. डावीकडं सरपंच, उजवीकडं ऑस्कर. मी म्हटलं, "आप्पा, माशाला बांध कळत नाही."

"माणसाले तरी कुठं कळतो? पण घालावा लागतो."

वहिनींचं आणखी वेगळं. घरात नवं माणूस येतंय म्हटल्यावर त्यांनी ऑस्करच्या पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळला. ओवाळलेला तुकडा बाहेर टाकतात. आप्पांनी गडबडीत टाकीत टाकला! पाणी पिठल्यासारखं झालं, फिल्टर बंद पडला. मी धावत गेलो तर दोघे मासे बांधावर तोंडाला तोंड लावून भाकरी खात होते.

वहिनी म्हणाल्या, "पाहा! एका ताटात जेवताय!"

भाकरी संपली तशी एकीही संपली. त्या दिवसापासून बांधावर रोज कुरबुर.

*

आणि मग बारडोलीचं स्थळ आलं. मुलीचे वडील साखर कारखान्यात. येताना बायकोलाही घेऊन आले. आप्पांनी मला जाळी घेऊन टाकीजवळ उभं केलं, काही झालं तर एकाला पटकन उचलायला. पाहुणे विचारतील, हा माणूस कोण? म्हणून मला दिनेशचा मामा केलं!

"मामा काय करतात?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

आप्पा म्हणाले, "त्यांचं पाण्याचं काम शे."

"सरकारी?"

मी जाळी पाठीमागं धरून हसलो. त्यांनी माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं.

पोहे झाले. चहा आला. आणि दोघांनी एकमेकांचा जबडा पकडला! सिक्लिड असंच भांडतात. ओठात ओठ अडकवून ढकलाढकली, सोडायचं नाव नाही. वर पाणी उसळतंय, खाली विटा पडतायत, सरपंचाचं टेंगूळ लालभडक. मी जाळी काढली तर आप्पांनी डोळ्यांनीच थांबवलं. आता काढून उपयोग नव्हता, पाहुण्यांनी पाहिलं होतं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दिनेशची मान खाली. आप्पा सरपंचाकडं असं बघत होते, की मला तिथं उभं राहवेना.

मुलीच्या वडिलांनी चहा खाली ठेवला. टाकीकडं पाहिलं. मग बायकोकडं पाहिलं. बायकोनंही त्यांच्याकडं पाहिलं, चांगलं रोखून. बराच वेळ कुणीच नजर काढेना.

शेवटी ते आप्पांकडं वळून म्हणाले, "बस झालं. आमच्या पोरीला इथं अजिबात परकं वाटायचं नाही. सुपारी फोडा!"